ओशनियाच्या गोलकीपरचं इनर

रेफरीनं मन्मथच्या गळ्याकडे बोट केलं, तेव्हा मी मैदानाच्या कडेच्या मंडपात सात नंबरच्या जर्सीवर टाका घालत होते.

"हे काढा," रेफरी म्हणाला.

"न्हाई निघत," मन्मथ म्हणाला.

"निघत नाही म्हणजे? अडकलंय?"

"अडकलं न्हाई सर. ते काढत न्हाईत."

मी मशीन थांबवलं. मॅच सुरू व्हायला अर्धा तास राहिला होता.

मन्मथ आमच्या मुखेडच्या टीमचा गोलकीपर. वीस-एकवीस वर्षांचा, आजोबांच्या आडत दुकानात पोती उचलून खांदे भरलेले. गळ्यात दोरा आणि दोऱ्याला चांदीची छोटी डबी. डबीत इष्टलिंग. आम्ही लिंगायत. लहानपणीच गुरू लिंग बांधतात आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. पूजेला रोज डबीतून काढून तळहातावर घेतात, तेवढंच. हात आपलाच, म्हणजे ते अंगावरच असतं. काढून कपाटात ठेवायची किंवा कुणाकडे सांभाळायला द्यायची ती वस्तू नव्हे.

मी शिलाईचं काम करते. मुखेडच्या बाजारात माझं दुकान आहे. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, आणि दोन-तीन वर्षांपासून पोरांच्या खेळाचे कपडे. टीमची किट मीच शिवली होती. नंबर मात्र तयार आणून इस्त्रीनं चिकटवले होते. पहिल्या दोन सामन्यांत घामानं आणि ओढाताणीनं ते सुटायला लागले. एकाच्या पाठीवरचा आठ अर्धा लोंबत होता. म्हणून कॅप्टन इरफान म्हणाला, "काकू, मशीन घेऊन तुम्हीच चला नांदेडला." मला माणसांत बसायची सवय नाही. दुकानातही बाप्या गिऱ्हाईक आलं तर मी मापाचा कपडा ठेवून जा म्हणते. पण सुटलेले नंबर मीच चिकटवले होते. टीमच्या टेम्पोत मशीन टाकलं आणि गेले.

आता स्पर्धेचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जगात फुटबॉलच्या सहा खंडांच्या सहा संघटना आहेत. प्रत्येक खंडात क्लबांची स्पर्धा होते. जिंकेल तो त्या खंडाचा चॅम्पियन क्लब. मग हे सगळे चॅम्पियन एका ठिकाणी येऊन आपसात खेळतात, आणि त्यात जिंकेल तो जगातला पहिला क्लब. आता ती स्पर्धा फार मोठी झाली आहे म्हणतात. आधी सातच क्लब असायचे, सहा खंडांचे सहा आणि ज्या देशात स्पर्धा त्या देशाचा एक. नांदेडच्या मंडळाच्या सेक्रेटरींना ती जुनी पद्धत आवडली. त्यांनी सहा तालुक्यांचे विजेते बोलावले, चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेकाला एकेक खंड दिला. लातूरला युरोप आला, कंधारला दक्षिण अमेरिका, अर्धापूरला आफ्रिका. आम्हाला ओशनिया.

ओशनिया काय असतं ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. टीमचा खर्च मन्मथचे आजोबा, विश्वनाथअप्पा करायचे. त्यांनी इरफानला विचारलं, तर तो म्हणाला, "अप्पा, समुद्रातली बेटं हायेत. तिथले खेळाडू दिवसा नोकरी करतात अन् संध्याकाळी खेळतात. त्याहीला पहिल्यापासून सगळे सामने खेळावं लागतंय. युरोप अन् दक्षिण अमेरिका डायरेक्ट सेमीफायनलला."

"म्हणजे आपलंच की," अप्पा म्हणाले. "उन्हाळ्यात टँकरचं पाणी पितो अन् नाव समुद्राचं."

तर या ओशनियानं यजमान नांदेडला हरवलं, मग आशियाला म्हणजे उदगीरला हरवलं, आणि आता सेमीफायनलला समोर युरोप होता. आधीच्या दोन्ही सामन्यांना रेफरी इथलेच खेळाचे मास्तर होते. मन्मथच्या गळ्यात काय आहे ते त्यांना माहीत होतं आणि त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. सेमीफायनलपासून मात्र सेक्रेटरींनी नागपूरहून लायसनवाले रेफरी आणले. जगात जसं होतं तसंच इथं झालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

मॅचच्या आधी रेफरी प्रत्येक खेळाडूचे कपडे तपासतो. बुटाखालचे खिळे, नडगीचं पॅड, अंगठी, कडं, साखळी. धातूचं आणि कडक काही चालत नाही. लागून डोळा फुटू शकतो, दोरा अडकून गळा आवळू शकतो.

इरफान धावत आला. "सर, वरून चिकटपट्टी लावतो. दिसणार बी न्हाई."

"दिसण्याचा प्रश्न नाही," रेफरी म्हणाला. आवाज चढा नव्हता. "पट्टी लावलेलं चालत नाही, नियमातच लिहिलंय. काढा, नाहीतर दुसरा गोलकीपर द्या."

दुसरा गोलकीपर आमच्याकडे नव्हता. बाकावर दोघं होते, दोघंही पुढं खेळणारे.

तेवढ्यात अप्पा आले. धोतर, पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. सेक्रेटरी त्यांच्या मागे मागे.

"काय म्हणायलेत हे?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, नियम आहे. जागतिक स्पर्धेतसुद्धा असंच असतं," सेक्रेटरी म्हणाले.

"जागतिक स्पर्धेत लिंग काढून खेळतेत का?"

"तसं नाही अप्पा, तिथं कुणाच्या गळ्यात…"

"तिथं नसल. इथं हाय. तुमच्या मंडपाचा खर्च कुणी दिला? मंडप काढून नेतो मी, मग खेळा उन्हात जागतिक."

सेक्रेटरींनी रेफरीकडे पाहिलं. रेफरी घड्याळाकडे बघत होता. तो अप्पांना भ्याला नाही आणि चिडलाही नाही. म्हणाला, "आजोबा, मी तुमच्या नातवाचं वाईट करत नाहीये. उद्या कुणाच्या दातावर हे बसलं तर मला विचारतील." ते खरंच होतं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. भांडखोर माणूस भांडून दमतो. हा दमणारा दिसत नव्हता.

मन्मथनं हातमोजे काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले. "इरफानभाई, कुणाला बी उभं करा. मी बसतो."

"बसतो कसा? समोर लातूर हाय. चार-पाच गोल खातोत आपण."

"मग काय करू? काढू?"

इरफान म्हणाला, "न्हाई. ते काढ म्हणून मी न्हाई म्हणणार तुला." आणि तोही बाकावर बसला.

हा इरफान शाळेत असल्यापासून मुखेडची टीम ओढत होता. बसस्टँडमागच्या खडकाळ जागेवर दगड वेचून त्यानं मैदान केलं होतं. या तालुक्याची टीम सेमीफायनलला पहिल्यांदाच आली होती. आता त्याचं पडलेलं तोंड बघवत नव्हतं.

मला मधे बोलायचं नव्हतं. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती आणि ती कुणी विचारत नव्हतं. मी इरफानला हळूच हाक मारली.

"त्यांना विचार, गळ्यात नको म्हणतात का अंगावरच नको म्हणतात?"

"काकू, एकच झालं ना ते."

"एक न्हाई. विचार तर."

इरफाननं जाऊन विचारलं. रेफरी म्हणाला, "दोरा नको. धातू नको. बाकी मऊ पॅडिंग असलेले कपडे गोलकीपर घालतातच, त्याला माझी हरकत नाही. पण मी हातानं दाबून बघणार. कडक लागलं तर नाही."

माझी आई शेतात खुरपायला जायची, तेव्हा लिंग गळ्यात लोंबू नये म्हणून फडक्यात गुंडाळून काखेखाली बांधायची. तसं चालतं. मीसुद्धा मशीनवर वाकले की गळ्यातली डबी चाकाला लागते, म्हणून ब्लाऊजच्या आतून काखेजवळ एक कप्पा शिवून घेतला आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. आता अप्पांना सांगावं लागलं. आतल्या कप्प्याचं नाही सांगितलं, आईचं सांगितलं.

अप्पा म्हणाले, "काखेत चालतंय. बेंबीच्या वर पाहिजे, बस. पण डबी नसल तर?"

"कोऱ्या फडक्यात गुंडाळून. वरून कप्पा बंद. मॅच झाली की उसवून देते."

"कर पोरी."

गोलकीपर जर्सीच्या आत अंगाला घट्ट बसणारं बिनबाह्यांचं बनियन घालतो, त्याला पोरं इनर म्हणतात. मन्मथनं हात धुतले, पाठ करून डबी उघडली आणि लिंग डाव्या मुठीत घेतलं. ती मूठ छातीशी धरून तो उभा राहिला. इनर त्याच्या अंगातून काढायचं तर एकेक हात करून काढावं लागलं, मूठ उघडू न देता. दुसऱ्याच्या लिंगाला आपण हात लावत नाही. मग माप कसं घ्यायचं? मी पदराआड माझ्याच कप्प्यावर बोट टेकवून अंदाज घेतला. साधारण सगळ्यांचं सारखंच असतं.

"डाव्या बाजूला कर काकू," इरफान म्हणाला. "हा उजवीकडं जास्त झेपावतो."

आधी मी सुती कापडाच्या घड्या घालून कप्पा केला. लिंग आत ठेवायच्या आधी तपासून घ्यावं, म्हणून अप्पांकडून एक सुपारी मागून घेतली आणि ती फडक्यात गुंडाळून आत घातली. रेफरीनं अंगठ्यानं दाबलं आणि मान हलवली.

"कडक लागतंय."

कापडानं भागणार नव्हतं. फोम पाहिजे होता. माझ्या शिलाईच्या डब्यात फोम एकाच रूपात होता. बायका ब्लाऊजमध्ये शिवून घेतात ते कप. लग्नसराई होती, दोन जोड्या तशाच पिशवीत होत्या, कोऱ्या. फोम चांगला जाड. दोन कप समोरासमोर ठेवले की मधे वाटीसारखी जागा होते आणि बाहेरून सगळीकडून मऊ.

पिशवी डब्यात दिसत होती आणि माझा हात तिच्याकडे जात नव्हता. एक तर भोवती सगळे पुरुष. दुसरं म्हणजे त्यात ठेवायचं होतं लिंग. मीही ते बांधते, मलाही कळतं. न सांगता घातलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण उद्या अप्पांना कळलं असतं की मी देव कशात ठेवला, तर मला त्यांना तोंड दाखवता आलं नसतं. आणि कळलं नसतं तरी मला माहीतच होतं.

मी अप्पांना बाजूला बोलावलं. मान खाली घालून सांगितलं.

अप्पांनी माझ्या डब्याकडे पाहिलं. तिकडे लातूरची पोरं मैदानात येऊन बॉल मारायला लागली होती.

"कोरं हाय का?"

"कोरं हाय. पिशवी बी फोडली न्हाई."

"कापूसच हाय ना शेवटी."

"फोम हाय अप्पा."

"मग कापसापेक्षा मऊ. कर."

मी मंडपाच्या कनातीकडे तोंड करून बसले आणि कपांच्या कडा कापल्या. दोन्ही समोरासमोर ठेवून वरून काळं कापड चढवलं, म्हणजे काय आहे ते ओळखू येऊ नये. वर फडक्यासाठी तोंड ठेवलं. इनरच्या आतून काखेखाली ते मशीनवर शिवलं. सुपारी आत घालून तोंड बंद केलं. मन्मथनं इनर चढवलं आणि गोलकीपर उडी मारतो तसे दोन्ही हात वर केले.

कट् असा आवाज आला. कप्प्याची एक बाजू सुटली, सुपारी इनरमधून खाली आली आणि गवतावर घरंगळत गेली.

अप्पा त्या सुपारीकडे बघत होते. सुपारीच्या जागी दुसरं असतं तर काय झालं असतं, ते तिथल्या सगळ्यांना कळलं होतं. मन्मथनं मूठ आणखी घट्ट धरली.

चूक समजायला सोपी आहे. ब्लाऊजचं कापड ताणत नाही. इनरचं ताणतं. मशीनचा सरळ टाका ताणत नाही, म्हणून कापड ओढलं की दोरा तुटतो. अशा कापडाला ओव्हरलॉक मशीन लागतं, त्याचा टाका कापडाबरोबर लांबतो. ते मुखेडला दुकानात होतं. नंबर शिवायला साधं पुरे म्हणून मी साधं आणलं होतं.

रेफरी आला. "वेळ झाली. टीम मैदानात आली नाही तर मला वॉकओव्हर द्यावा लागेल." वॉकओव्हर म्हणजे न खेळता समोरचा जिंकला.

इरफान म्हणाला, "सर, एवढं शिवून होऊ द्या."

"टॉसला चला तुम्ही. टॉस होईपर्यंत थांबतो. त्यापुढं माझ्या हातात नाही."

इरफान जितका हळू चालता येईल तितका हळू चालत गेला. मागून लातूरचा कॅप्टन ओरडला, "काय इरफानभाई, पायात काटा मोडला का?"

"हाव. तूच काढ ये," इरफान म्हणाला, आणि खरंच खाली बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

मी हातानं शिवायला घेतलं. दोरा दुहेरी केला. टाका सैल, नागमोडी, मागं घेऊन पुढं. असा टाका ताणला तर लांबतो. कप्प्याच्या खालून पायजम्याची रुंद इलॅस्टिक पट्टी घातली, म्हणजे वरचं सुटलंच तरी खाली पडायला जागा नाही. बोटांना घाम येत होता आणि सुई निसटत होती. मी सुई पदराला पुसत होते. अप्पा समोर उभे राहून माझ्यावर सावली पाडत होते. मी म्हणाले, "अप्पा, उजेड सोडा." अप्पांना आजवर मी असं बोलले नव्हते. ते लगेच सरकले.

सुपारी पुन्हा आत घातली. मन्मथनं हात वर केले, वाकला, उडी मारली, दोनदा मातीत लोळला. टाका राहिला. मग त्यानं कनातीआड जाऊन सुपारी काढली, मुठीतलं फडक्यात घेतलं, फडकं आत ठेवलं. कप्प्याचं तोंड मी त्याच्या अंगावरच शिवलं, त्याच्याकडे न बघता.

रेफरी टॉस करून आला. त्यानं अंगठा दाबला. वरून, बाजूनं, मग पुन्हा वरून.

"आता ठीक आहे. मटेरियल काय आहे हे?"

इरफान माझ्याकडे बघायला लागला. सेक्रेटरीही. अप्पांनी घसा साफ केला आणि दुसरीकडे बघितलं. खोटं बोलायचं असतं तर फोम म्हणून मोकळी झाले असते, आणि तेही खोटं नव्हतं. पण या माणसानं मला विचारलं होतं, कारण तो आपल्या नावावर मन्मथला आत सोडणार होता.

"बायकांच्या ब्लाऊजचे कप हायेत सर," मी म्हणाले. "दोन. समोरासमोर. मधे फडक्यात लिंग हाय, बाहेरून कडक काही लागत न्हाई."

रेफरीनं हात काढून घेतला. त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही. "ओके," म्हणाला, आणि शिट्टी तोंडात धरून मैदानात गेला.

मॅच मी नीट पाहिली नाही. माझे डोळे मन्मथच्या डाव्या काखेवर होते. तो उजवीकडं झेपावला की मला बरं वाटायचं. लातूरच्या पोरांनी ते ओळखलं असावं, कारण थोड्या वेळानं सगळे बॉल डावीकडं यायला लागले. एक त्यानं बोटांनी बाहेर ढकलला. एक गोल गेला. मग आमच्या इरफाननं एक मारला, आणि हाफ टाइमनंतर आमच्या एका पोराचा बॉल कुणाच्या तरी पायाला लागून आत गेला. दोन-एक.

शेवटी शेवटी लातूरचा उंच पोरगा आणि मन्मथ एकाच बॉलवर गेले. दोघं हवेत आपटले. मन्मथ डाव्या अंगावर पडला आणि उठला नाही. अप्पा उभे राहिले. मी उभी राहिले. माझ्या हातात कात्री होती, ती का घेतली मला माहीत नाही.

रेफरी धावत गेला, गुडघ्यावर बसला आणि त्याला काही विचारलं. मन्मथनं उजवा हात डाव्या काखेखाली घातला, चाचपलं आणि मान हलवली. मग उठून बसला. दम कोंडला होता, बाकी काही नव्हतं. लातूरच्या पोराच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, पण ते मन्मथच्या कोपराचं. रेफरीनं तेही जाऊन बघितलं.

आम्ही जिंकलो. कनातीआड मी कप्पा उसवला. माझा टाका एका जागी सुटला होता, पडताना असावा. खालच्या इलॅस्टिकनं फडकं धरून ठेवलं होतं. मन्मथनं लिंग डबीत ठेवून डबी गळ्यात घातली आणि पाणी प्यायला गेला. सुटलेला टाका मी अप्पांना दाखवला. ते म्हणाले, "पट्टी होती ना खाली. मग झालं."

पोरांना बातमी लागायला वेळ लागला नाही. परतीच्या टेम्पोत एक जण म्हणाला, "काकू, मन्मथला ब्लाऊज शिवलाव म्हणं. आम्हाला बी शिवा की, आमच्यानं बी गोल अडंल." मन्मथ म्हणाला, "तुला कामून? तू बॉलच्या आडवा तरी येतोस का कधी?" मी खिडकीबाहेर बघत राहिले, पण हसू आलं.

फायनलला दक्षिण अमेरिकेनं, म्हणजे कंधारनं, आम्हाला तीन गोलनं हरवलं. कप्पा तेव्हाही होता, ओव्हरलॉकवर शिवलेला. टाका एकही सुटला नाही. त्याचा गोल अडवायला काही उपयोग झाला नाही.

नंतर उदगीरहून आणि निलंग्याहून तसल्या इनरच्या ऑर्डरी आल्या. आता फोमची शीटच आणून ठेवली आहे. आणि कुठल्याही टीमचं माप घेताना छाती, उंची, खांदा झाला की मी गळ्यात काय आहे ते विचारते. काही पोरं लाजतात. मीही लाजते. पण ते दुकानात विचारलेलं बरं, मैदानात रेफरीनं विचारण्यापेक्षा.